आधी दार दाखवा

आमच्या गावच्या पानठेल्यावर मे २०२५पासून एक वाद मुरत पडला आहे. भरतीची तयारी करणारी आठ-दहा पोरं पहाटे पुलगावच्या सडकेवर धावून येतात, चहा पितात आणि मोबाईलवर युद्धाचे व्हिडिओ बघत बसतात. त्यातल्या एकात कुणी परदेशी शिपाई रायफलीच्या नळीखाली बसवलेली आखूड बारा बोअर, म्हणजे छर्रे उडवणारी शॉटगन, उचलतो आणि डोक्यावर घोंगावणारा ड्रोन पाडतो. "काका, आपल्या जवानाईले हे काहून नाही देत?" इथून तोंड फुटतं. एका तटाचं म्हणणं, दिल्लीतले बाबू झोपले आहेत, नाहीतर एव्हाना प्रत्येक रायफलीखाली शॉटगन लटकली असती. दुसऱ्या तटाचं म्हणणं, हे सगळं अमेरिकेचं खेळणं आहे, आपल्या जवानाला एक गोळी पुरते. माझी नोकरी दारूगोळ्याच्या तपासणीत गेली, म्हणून दोन्ही तट मलाच पंच करतात. आणि पंचाला कुणाचाच पक्ष घेता येत नाही, कारण दोन्हीकडे वस्तू बघून मत ठरलेलं असतं. ती कशासाठी घडवली, हे विचारायला कुणाला सवड नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. रायफलीखालची शॉटगन हे एका नेमक्या अडचणीवर काढलेलं नेमकं आणि हुशार उत्तर आहे. ती अडचण म्हणजे बंद दार. ते दार ज्याच्या वाट्याला रोज येतं, त्याला ती द्यावी. आपल्या पायदळाला, जंगलात फिरणाऱ्या पोलिसांना किंवा ड्रोनच्या भीतीपोटी सगळ्यांना सरसकट ती देणं म्हणजे पैसा, वजन आणि गोंधळ तिन्ही विकत घेणं.

आधी वस्तू समजून घेऊ. १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या नाइट्स आर्ममेंट कंपनीने रेमिंग्टन ८७० ही पंपाची बारा बोअर कापून-छाटून एम-१६ रायफलीखाली बसवली. नाव ठेवलं 'मास्टरकी'. कुठल्याही कुलपाला लागणारी किल्ली! नावातच सगळं आलं. घराघरांत शिरणाऱ्या तुकडीत कुलूप किंवा बिजागरी उडवणारा एक गडी लागतो. त्याने शॉटगन धरली तर दार उघडताक्षणी समोर उभ्या असलेल्या शत्रूसाठी हातात रायफल नसते. ती खांद्यावरून काढेपर्यंत खेळ संपतो. दोन्ही एकत्र जोडल्या तर हात बदलावा लागत नाही. कल्पना झकास. पण वापरताना तिचे दोष उघडे पडले. रायफलीची मॅगझीन (गोळ्यांची पेटी) मूठ म्हणून धरायची, दुसऱ्या हाताने खाली पंप मागे-पुढे करायचा, आणि नळीखालच्या नळकांड्यात काडतुसं एकामागे एक भरलेली. दार फोडायचं काडतूस संपून आता माणसासाठीचे छर्रे हवे असतील, तर मधली काडतुसं काढणार कशी? मास्टरकी थोड्या खास तुकड्यांपुरतीच राहिली.

तिच्यावरून शिकून जी आली ती एम-२६. सी-मोर नावाच्या कंपनीने तिचा आराखडा केला. हिच्यात नळकांडं गेलं आणि तीन किंवा पाच काडतुसांची सुटी मॅगझीन आली. म्हणजे दाराची एक, छर्र्यांची दुसरी, रबरी गोळ्यांची तिसरी. खटकन काढा, खटकन लावा. पंपाच्या जागी सरळ मागे ओढायचा बोल्ट, आणि त्याची मूठ डावीकडे-उजवीकडे कुठेही बसवता येते. नळी जेमतेम पावणेआठ इंच. वजन सव्वा किलोच्या आसपास. दस्ता लावला तर रायफलीपासून वेगळी करून एकटीही चालवता येते. आमच्या पोरांना इथे नेहमी प्रश्न पडतो: अमेरिकेने इतकं डोकं लावलं, मग आपोआप भरणारी का नाही केली? उत्तर काडतुसात आहे. आपोआप चालणाऱ्या बंदुकीला प्रत्येक काडतुसातून पुरेसा जोर मिळावा लागतो. दाराची आणि रबरी काडतुसं वेगवेगळ्या ताकदीची असतात. हलकं काडतूस बोल्ट पुरता मागे ढकलत नाही आणि बंदूक अडकते. हाताने ओढायचा बोल्ट असला कसलाच भेद मानत नाही. दाराचं काडतूसही वेगळ्याच जातीचं. धातूची भुकटी दाबून केलेला गोळा असतो, तो बिजागरीवर आपटून तिचा आणि स्वतःचा चुरा करतो, म्हणून पलीकडच्या खोलीतल्या माणसाला असलेला धोका कमी होतो. नळीच्या तोंडाशी खाचा असलेली टोपी असते, दाराला टेकवून झाडली तरी वायू बाजूने निघून जावा म्हणून. या वस्तूचा प्रत्येक अवयव दाराकडे बोट दाखवतो.

दार ही सैन्याची डोकेदुखी काही नवी नाही. आमच्या विदर्भात चिखलदऱ्याजवळ गाविलगड आहे. इंग्रज सेनापती वेलस्लीच्या तोफांनी त्याच्या बाहेरच्या तटाला खिंडार पाडलं, १५ डिसेंबर १८०३ला फौज आत घुसली आणि आतल्या तटाच्या बंद दरवाजापुढे अडली. तो दरवाजा फुटला नाही. ९४व्या पलटणीच्या कॅप्टन कॅम्पबेलने शिड्या लावून शिपायांना तटावर चढवलं आणि आतून दरवाजा उघडून दिला. किल्लेदार बेनीसिंग त्या दिवशी पडला. पुढे १८५७च्या १४ सप्टेंबरला दिल्लीचा काश्मिरी दरवाजा उडवायला इंजिनिअरांची तुकडी दारूच्या पिशव्या घेऊन गोळ्यांच्या पावसात धावली. त्यातले बहुतेक मेले किंवा जखमी झाले. सामान्य शिपाई दरवाजा फोडत नसे. ते काम ठरावीक माणसांचं, ठरावीक हत्याराचं. अमेरिकेनेही एम-२६ आल्यावर ती पहिल्यांदा दिली ती लष्करी पोलिसांना आणि इंजिनिअर तुकड्यांना. १९९०च्या दशकाच्या शेवटी निघालेली कल्पना, मग अफगाणिस्तानात काही नग देऊन चाचण्या, २००८मध्ये सुमारे ३५,००० घेण्याचा निर्णय, आणि तुकड्यांच्या हातात पडायला २०१२ उजाडलं. ज्या देशाकडे पैशाला तोटा नाही, त्याला सव्वा किलोच्या वस्तूसाठी दशकाहून जास्त काळ लागला. आपल्याकडचे बाबू झोपले म्हणणाऱ्यांनी हा हिशेब जरा बघावा. आणि ३५,००० हा आकडाही त्या फौजेच्या मानाने थोडाच.

आता समोरच्यांच्या चांगल्या मुद्द्यांकडे येतो, कारण ते खरोखर चांगले आहेत.

पहिला मुद्दा: जवळच्या लढाईत शॉटगनसारखं भयंकर दुसरं काही नाही. मान्य. पहिल्या महायुद्धात अमेरिकनांची विंचेस्टर १८९७ खंदकात इतकी चालली की १९ सप्टेंबर १९१८ला जर्मनीने अधिकृत निषेध नोंदवला, 'अनावश्यक यातना देणारं हत्यार' म्हणून. विषारी वायू सोडणाऱ्यांना छर्रे अमानुष वाटावेत, हा विनोद इतिहासच करू जाणे. पुढे मलायाच्या जंगलात इंग्रजांनी पुढे चालणाऱ्या गड्याला शॉटगन दिली, व्हिएतनाममध्ये अमेरिकनांनीही दिली. झाडोऱ्यात शत्रू क्षणभर दिसतो, नेम धरायला वेळ नसतो, छर्र्यांचा फुलोरा तिथे कामाला येतो. मग आमच्या गडचिरोलीच्या सी-६०ला, नक्षलवाद्यांशी लढणाऱ्या पोलीस कमांडोंना, का नको?

या सगळ्या उदाहरणांत शॉटगन एकटी होती, पूर्ण लांबीच्या नळीची, खांद्याला नीट बसणारी. रायफलीखालची पावणेआठ इंची तुकडा-नळी हे मलायाचं हत्यार नव्हे. दुसरं, जंगलात जवानांचे जीव कशाने गेले ते बघा. १ मे २०१९ला जांभूळखेड्याजवळ पंधरा पोलीस आणि त्यांचा चालक गेले, ते सडकेखालच्या सुरुंगाने. तिथे कुणाच्या रायफलीखाली दुसरी नळी असती तर काय फरक पडला असता? आणि तिसरं, रायफलीच्या नळीखालची जागा एकच आहे. पुण्याच्या एआरडीई या शस्त्र-संशोधन संस्थेने आराखडा केलेला आणि तिरुचिरापल्लीच्या कारखान्यात बनणारा ४० मिलिमीटरचा ग्रेनेड लाँचर आपल्याकडे देशी बनावटीच्या इन्सास रायफलीखाली आणि एके-४७खाली बसतो. झुडपामागे, वळणापलीकडे लपलेल्यावर तोच चालतो. त्याला काढून तिथे छर्रे लटकवणार? अमेरिकनांनी व्हिएतनाममध्ये हा तिढा बंदुकीने सोडवलाच नाही. त्यांनी ग्रेनेड लाँचरसाठी वीस छर्र्यांचं एक काडतूस काढलं, एम-५७६. त्याच नळीत हवं तेव्हा ग्रेनेड, हवं तेव्हा छर्रा. नवीन बंदूक मागण्याआधी नवीन काडतुसाने भागतं का, हे विचारणारा माणूस दरवेळी स्वस्तात सुटतो. (तपासनीसाचा हा पूर्वग्रह समजा हवं तर. आम्हाला बंदुकीपेक्षा काडतूस जास्त प्रिय.)

दुसरा मुद्दा: दारं आपल्यालाही आहेत. २६/११ला ताज आणि ओबेरॉयमध्ये कमांडोंना एकेक खोली करत शेकडो खोल्या तपासाव्या लागल्या. हा मुद्दा मला खोडता येत नाही आणि खोडायचाही नाही. शहरात ओलीस सोडवणाऱ्या तुकडीला दार उघडण्याचं प्रत्येक साधन मिळालं पाहिजे, हेही मान्य. पण अशा तुकड्या देशात मोजक्या. त्यांची गरज शेकड्यांत भागेल, लाखांत नव्हे. आणि मग उरतं ते गावातलं दार. एकदा पोरांना मी विचारलं, तुमच्या घरच्या जुन्या दाराला बिजागऱ्या किती? सांगता येईना. आमच्याकडच्या जुन्या वाड्यांच्या सागवानी दाराला बिजागरीच नसते. फळीच्या वरच्या आणि खालच्या टोकाला खुंट असतो, तो चौकटीच्या खाचेत फिरतो. आतून आडवा अडसर भिंतीतल्या भोकात जातो, बाहेर कडी-कोयंडा. मास्टरकीचा गडी तिथे बंदूक टेकवणार कुठे? आणि पलीकडे भामरागड, एटापल्लीकडे घर कुडाचं, दार म्हणजे बांबूची ताटी. तिला शॉटगन कशाला, खांदा पुरतो. दुसऱ्याच्या दारासाठी केलेली किल्ली आपल्या दाराला लागेल, हे कुणी ठरवलं?

तिसरा मुद्दा मला स्वतःला सर्वांत जड गेला, तो ड्रोनचा. मे २०२५मध्ये शेकडो ड्रोन आपल्या सीमेवर आले आणि त्यातले कित्येक पाडले ते एल-७०सारख्या, वयाने माझ्या बरोबरीच्या विमानविरोधी तोफांनी. युक्रेनमध्ये तर दोन्ही बाजूंचे शिपाई छोट्या स्फोटक ड्रोनसाठी बारा बोअर वापरतात, आणि काहींनी ती रायफलीखालीही बसवली आहे. छर्रा ड्रोनला लागतो हे खोटं नाही. जॅमरला (रेडिओ संदेश अडवणाऱ्या यंत्राला) न जुमानणारे, मागे सोडलेल्या बारीक तारेवरून हुकूम घेणारे ड्रोन आल्यापासून तर शेवटचा उपाय म्हणून छर्राच उरतो. म्हणजे पोरांचा व्हिडिओ खोटा नाही.

पण गणित मांडू. ताशी शंभर किलोमीटरने येणारा ड्रोन सेकंदाला अठ्ठावीस मीटर कापतो. छर्र्यांची खात्रीची मजल चाळीस मीटरच्या घरात धरा, तीही लांब नळीतून. म्हणजे शिपायाच्या हातात दीड सेकंदही नाही. त्यात हाताने बोल्ट ओढायची बंदूक एकच बार देते. आपोआप भरणारी दोन-तीन देते. नळी पावणेआठ इंचाची झाली की दारूला जळायला जागा कमी, छर्र्यांचा वेग कमी. आणि उडत्या पाखरावर बार टाकणाऱ्याला विचारा: तो नेम धरत नाही, बंदूक पाखराच्या पुढे झुलवत नेतो, आणि त्यासाठी दस्ता गालाला बसावा लागतो, नजर नळीच्या पाठीवरून सरळ जावी लागते. इथे नजर जाते रायफलीच्या दुर्बिणीतून, आणि छर्रे निघतात तिच्या चार बोटं खालून. आधीच चार किलोच्या आसपास असलेल्या रायफलीचं नाक आणखी सव्वा किलोने खाली गेलेलं. अशा बंदुकीने पाखरू पाडायला आमच्याकडचा एकही जुना शिकारी निघाला नसता. दारासाठी आखूड केलेली नळी आकाशासाठी चुकीची ठरते. ज्या गुणाने ती तिथे चांगली, त्याच गुणाने ती इथे वाईट. एका तुकडीत एका गड्याला लांब नळीची, आपोआप भरणारी बारा बोअर द्या आणि त्याचं कामच आकाशाकडे बघणं ठेवा. बाकीच्यांसाठी काडतुसाचा मार्ग आहेच. युक्रेनने २०२५मध्ये ५.५६ मिलिमीटरचं, नळीतून निघताच तुकडे होऊन पसरणारं काडतूस आणलं. रायफल तीच, फक्त मॅगझीन बदलायची.

एका हत्यारात दोन हत्यारं कोंबण्याचा मोह फार जुना आहे. ले मॅ नावाच्या गृहस्थाने अमेरिकेत १८५६मध्ये रिव्हॉल्व्हरचं पेटंट घेतलं: भोवती नऊ गोळ्या, मधोमध छर्र्यांची जाड नळी. जर्मन वायुदलाने दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांना तीन नळ्यांची बंदूक दिली, वर दोन बारा बोअर आणि खाली रायफल. देखणी इतकी की आज ती संग्राहकांच्या कपाटात असते. अमेरिकेने रायफल आणि स्फोटक गोळ्यांची बंदूक एक करायला एक्सएम-२९ काढली, ती वजनाखाली दबूनच मेली. आणि आपण तरी कुठे मागे होतो? २०११मध्ये आपल्या सैन्याने नळी बदलून दोन वेगळ्या काडतुसांवर चालणारी रायफल मागितली. जगभरातून बंदुका आल्या, चाचण्या झाल्या, आणि २०१५मध्ये निविदाच रद्द. चार वर्षं जवान इन्सासवरच राहिला, आणि शेवटी २०१९मध्ये अमेरिकेहून एकाच काडतुसाच्या ७२,४०० साध्या रायफली घाईने घ्याव्या लागल्या. सगळं एकात मागणाऱ्याला बराच काळ काहीच मिळत नाही, हे आपल्या जवानाइतकं कुणाला माहीत?

दोन बंदुका एकात असण्याचा एक तोटा मात्र कुठल्याच माहितीपत्रकात छापत नाहीत. आमच्या आजोबांकडे परवान्याची दुनाळी होती. रानडुकरांपासून वावर राखायला. त्यांची शिस्त ठरलेली: उजव्या नळीत छर्रा, डाव्या नळीत एकच गोळी. दोन नळ्या, दोन चाप. पुढचा चाप उजवीचा, मागचा डावीचा. मी आठ-नऊ वर्षांचा असेन, जागलीला त्यांच्यासोबत मचाणावर होतो. पऱ्हाटीत खसखस झाली, मोठं एकलं डुक्कर धुऱ्यावर आलं. आजोबांना गोळी टाकायची होती. घाईत बोट पुढच्या चापावर गेलं आणि बारीक छर्र्यांचा बार त्याच्या जाड कातड्यावर पडला. डुक्कर उधळलं ते थेट आमच्या मचाणाच्या बल्लीवर. मचाण कललं, आजोबा लटकले, मी खाली. पायाचा व्रण अजून आहे. तीस वर्षं तीच बंदूक वापरणारा माणूस होता तो! नळीखालच्या शॉटगनलाही दोन चाप असतात, एकामागे एक. अंधारात, घाम फुटलेला, कानात बार घुमतोय, अशा वेळी वीस वर्षांच्या पोराचं बोट बरोबर चापावर जाईल, याची हमी कोण देतो? त्यात एका मॅगझीनमध्ये रबरी गोळी आणि दुसऱ्यात खरे छर्रे असतील तर? 'कमी घातक' या शब्दाने २०१६मध्ये काश्मिरात किती डोळे घेतले ते देशाने पाहिलं आहे. मारायचं आणि न मारायचं हत्यार एकाच मुठीत देताना तरी जरा हात आखडावा.

तेव्हा खेळणं म्हणणाऱ्या तटालाही माझा विरोध आहेच. एम-२६ खेळणं नाही. ज्या दारासाठी ती केली ते दार ती उघडते, आणि हे तिच्या आधीच्या अवजड जोडबंदुकांना नीट जमलं नव्हतं. परदेशी म्हणून हसण्यासारखं तिच्यात काही नाही, आणि परदेशी म्हणून हुरळण्यासारखंही नाही.

पोरांना मी परवा हे सगळं सांगितलं. छर्र्यांची काडतुसं खडकीत बनतात, पंपाची बारा बोअर इशापूरला बनते, म्हणजे आकाशाकडे बघणाऱ्या त्या एका गड्याला लागणारं निम्मं सामान आणि कसब घरातच आहे. धावून आलेल्यांपैकी एकजण चहा खाली ठेवून म्हणाला, "मंग काका, ते बंदूक देतीन कोणाले? उडतं पाखरू पाडनारा मानूस हाये कुठं आता?"

बरोबर पकडलं त्याने. युक्रेनमध्ये शिकारी माणसं फौजेत आली आणि त्यांनी इतरांना शिकवलं. आपल्याकडे १९७२च्या कायद्याने आणि त्याच्या पुढच्या दुरुस्त्यांनी शिकार बंद झाली, आणि ते योग्यच झालं. पण उडत्या लक्ष्यावर बंदूक झुलवण्याचं कसब त्याबरोबर मातीत गेलं. आजोबांच्या पिढीतले तित्तर पाडणारे हात आता उरले नाहीत. मातीच्या चकत्या उडवून सराव देणारी मैदानं देशात मोजकी. दर पलटणीमागे असं एक मैदान, चकत्या फेकणारं एक यंत्र आणि महिन्याला काही हजार काडतुसं, एवढी मागणी कुणी केली तर मी पानठेल्यावर पंच राहणार नाही, सरळ त्या तटात जाऊन बसेन. पण ते व्हिडिओत दिसत नाही. तिथे फक्त नळीखालची नळी दिसते.

"चकत्या म्हंजे?" त्याने विचारलं. मी ठेल्यावरची फुटकी बशी उचलली, सडकेपलीकडच्या पडीकात भिरकावली आणि म्हणालो, आता हिच्यामागे न बघता, हिच्यापुढे बघ.